साडेचार जीबीत न मावलेली मरळ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि सीडी-डीव्हीडी कॉपी करून देण्याचं दुकान होतं. तिथे बसून मी दिवसातून दहा वेळा एकच वाक्य बोलायचो, "जशीच्या तशी निघन, केसाचा फरक नाई." लग्नाची डीव्हीडी असो, साखरपुड्याची असो की शाळेच्या गॅदरिंगची, गिऱ्हाईक समाधानाने मान हलवायचं आणि त्याच्याबरोबर मीही हलवायचो. फरक केसापेक्षा बराच जाड असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. चंद्रपूरचे शूटिंगवाले तेव्हा नव्याने दोन थरांच्या डीव्हीडी देऊ लागले होते. थराखाली दुसरा थर, म्हणजे जवळपास दुप्पट माल, साडेआठ जीबी. आमच्या मूलच्या बाजारात मिळायच्या त्या एका थराच्या, साडेचार जीबीच्या. साडेआठचं साडेचारात घालायचं तर निम्मं कुठेतरी जायलाच हवं. ते कुठे जातं हे गिऱ्हाइकांनी कधी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. लोकांच्या लग्नात अक्षता पडताना नवऱ्या मुलाच्या तोंडाचे चौकोन झाले, तरी मी "तुमच्या टीव्हीचा पिक्चर ट्यूब गेला असन" म्हणून वेळ मारून नेत होतो. या सगळ्यांची मी इथे माफी मागतो. पण खरी सांगायची गोष्ट वेगळी आहे. ती माझ्या सासऱ्यांची आहे.

माझी सासुरवाडी मूलपासून बारा-तेरा किलोमीटरवर. गावाला मोठा तलाव, आणि निम्मं गाव त्या तलावावर जगतं. सासरे, म्हणजे मामाजी, मासेमार सोसायटीचे जुने सभासद. वैशाखात पाणी उतरलं की तलाव मासेमारीसाठी उघडतात. त्या दिवशी पहिलं जाळं कोणी टाकायचं, याला गावात एखाद्या पदवीसारखा मान आहे. आदल्या वर्षी तलाव उघडण्याच्या दिवशी ज्याने सर्वांत मोठा मासा काढला, त्याने यंदा पहिलं जाळं टाकायचं. बाकी सारे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहून बघतात, आणि त्याचं जाळं पाण्यावर उघडून पडल्याशिवाय दुसरं कोणी पाण्यात पाय घालत नाही. मामाजींच्या वडिलांना हा मान एकदा मिळाला होता. मामाजींना साठीपर्यंत एकदाही नाही. त्यातून त्यांचा उजवा खांदा भरून येऊ लागला होता. पुढे फार वर्षं जाळं फेकता येणार नाही, हे त्यांना कळत होतं.

आता मोठा मासा कोणाचा हे ठरवायचं कसं? वजनाने नाही. पहिल्या दिवसाचा मासा तराजूत घातला तर तलाव रुसतो, अशी समजूत आहे. म्हणून सोसायटीची म्हातारी मंडळी डोळ्यांनी पाहून ठरवतात. पाहून झालं की मासा कापून वाटे करतात. आणि एक कडक नियम आहे, ज्याने त्या माशातलं खाल्लं, त्याची साक्ष धरायची नाही. खाल्लेला मासा पोटात गेला की वाढतो, असं अध्यक्ष म्हणायचे. अध्यक्ष ऐंशीच्या घरातले होते आणि त्यांनी आयुष्यभर असे बरेच मासे वाढताना पाहिले होते.

त्या वर्षी सोसायटीचा काहीतरी वाढदिवस होता. म्हणून तलाव उघडण्याच्या दिवशीच पाळीजवळ मांडव घातला, चंद्रपूरहून एक मोठे पाहुणे बोलावले आणि त्यांच्याबरोबर शूटिंगवालाही बोलावला. माझ्याकडे आभार प्रदर्शन आलं. गावचा जावई, त्यात कॉम्प्युटरवाला, म्हणजे बोलता येत असणार, असा सगळ्यांचा समज. मी आठ दिवस तयारी केली. नवा सफारी शिवला.

पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. मी चौदा मिनिटं आभार मानले. मांडववाल्याचे मानले, भोंगावाल्याचे मानले, उपस्थितांचे मानले, येऊ न शकलेल्यांचे मानले. शेवटी सुचलं म्हणून तलावातल्या माशांचेही मानले, "ज्यांच्या सहकार्याशिवाय हा कार्यक्रम होऊ शकला नसता". टाळ्या पडल्या. मला तेव्हा वाटलं, मला यापूर्वीच कोणीतरी माईक द्यायला हवा होता.

नेमक्या त्या चौदा मिनिटांत, तलावाच्या पलीकडच्या अंगाला, मामाजींच्या जाळ्यात मरळ आली.

मरळ म्हणजे माशांतला पहिलवान. काळीकुट्ट, लांबलचक, आणि जाळ्यात आली की अख्खं पाणी घुसळून काढते. चार-पाच जणांनी मिळून ती काठाला ओढली. पण पलीकडच्या पाळीवर पाहायला म्हातारी मंडळी कुठे होती? ती सगळी स्टेजवर, माझ्या मागच्या खुर्च्यांवर, जावयाचं भाषण चालू असताना उठायचं कसं म्हणून बसून होती. मामाजींनी निरोप पाठवला. निरोप्या मांडवाच्या दाराशी उभा राहून माझं संपायची वाट बघत होता. तिकडे ऊन मी म्हणत होतं, मासा तापत होता, मदतीला आलेल्यांना भूक लागली होती. माझे आभार संपून म्हातारे तिथे पोचले, तेव्हा मरळीचे वाटे होऊन मडकं चुलीवर चढलं होतं.

ज्यांनी पाहिलं त्यांनी खाल्लं होतं. ज्यांनी खाल्लं नव्हतं त्यांनी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी सकाळी, भाषणांच्या आधी, वरच्या टोलीतल्या, म्हणजे वरच्या वस्तीतल्या, भाऊंनी एक कतला काढला होता. हे भाऊ मामाजींचे लहानपणापासूनचे जोडीदार. त्यांचा कतला सगळ्या गावाने पाहिला होता, म्हाताऱ्यांनी वाकून पाहिला होता. मोठा होता, यात वाद नाही. मामाजींचं म्हणणं एवढंच, की मरळ त्याहून हातभर लांब होती.

"तुमची मरळ कोनं पायली?" अध्यक्षांनी विचारलं.

"यायनं पायली," म्हणून मामाजींनी चौघांकडे हात केला. चौघेही बोटं चाटत होते.

"यायची साक्ष नाई चालत."

तेवढ्यात शूटिंगवाला तिकडून येताना दिसला. माझ्या भाषणाला कंटाळून तो एक कॅमेरा स्टेजसमोर स्टँडवर तसाच सोडून, दुसरा घेऊन पाळीवर निघून गेला होता. त्याने अलीकडच्या पाळीवरून झूम करून सगळी झटापट टिपली होती.

"याले विचारा," मामाजी म्हणाले. "याच्या कॅमेऱ्यानं तं काई खाल्लं नाई."

अध्यक्षांनी शूटिंगवाल्याची बोटं निरखून पाहिली. मग म्हणाले, "हे बराबर आहे. शिडी येऊ द्या. फागुनच्या मीटिंगमधी लावू अन् ठरवू." शिडी म्हणजे सीडी; गावात डीव्हीडीलाही शिडीच म्हणत.

पावसाळ्याच्या तोंडाला डीव्हीडी आली. दोन थरांची, साडेआठ जीबीची. मामाजी ती पिशवीत घालून, एस्टीने मूलला, थेट माझ्या दुकानात आले. आम्ही कॉम्प्युटरवर लावली. ती मरळ मी या डोळ्यांनी पाहिली आहे. पाण्यातून उसळी मारून वर येताना तिच्या अंगावरचे पट्टे मोजता येत होते, आणि मामाजींच्या कोपरापासून ती पार गुडघ्याखाली लोंबत होती. मामाजींनी पडद्याला बोट लावून पाहिलं. मग बोट लुंगीला पुसलं.

"झालं आपलं काम," ते म्हणाले.

काम झालं नव्हतं. मी दिवाळीला त्यांना दिलेला प्लेअर जुना होता. त्यात ही डिस्क पहिल्या थरावरून दुसऱ्या थरावर जाताना अडकायची, आणि तिथेच पाहुणे एक हात वर करून पुतळ्यासारखे थांबायचे. "हिची एका थराची कॉपी काढून देतो," मी म्हणालो. "अन् एकाच डिस्कवर भरवसा ठेवू नये, मामाजी."

"तशीच निघन न?"

"जशीच्या तशी. केसाचा फरक नाई."

पुढे मी जे केलं ते आजवर बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

कॉपीच्या प्रोग्राममध्ये एक पट्टी असते. काय ठेवायचं आणि काय वगळायचं हे आपण निवडतो, तशी ती पट्टी सरकते आणि दर्जा किती टक्के राहील ते दाखवते. सगळं ठेवलं तर पट्टी लाल होऊन बावन्नवर येत होती. स्टेजचा भाग वगळला तर नव्वदीला जात होती, हिरवीगार. मामाजींना हवा होता फक्त तलाव. स्टेजवर एक टिचकी मारून ते काढून टाकलं असतं, तर मरळ पट्ट्यांसकट वाचली असती.

मी टिचकी मारली. पट्टी हिरवी झाली. मग मला माझा सफारी आठवला. माझे आभार त्याच भागात होते, पाहुण्यांना चिकटून. पाहुण्यांना काढून मला ठेवता येत नव्हतं. मी पुन्हा टिचकी मारली. पट्टी लाल झाली. अजून एका पर्यायासमोर खूण होती, आधी संपूर्ण डिस्क नीट तपासून मग हलक्या हाताने दाबायची. तिला दुप्पट वेळ लागतो आणि चार वाजता लोडशेडिंग होतं, म्हणून तीही काढली. सगळं ठेवून, सरसकट, बावन्न टक्क्यांवर मी मामाजींचा मासा दाबला.

दाबण्याचा प्रकार असा असतो. जे हलत नाही, त्याला जागा लागत नाही. मागच्या चित्रात जे होतं तेच पुढच्या चित्रात असेल, तर डिस्कवर नुसतं 'तेच' एवढं लिहून भागतं. पाहुणे पन्नास मिनिटांत फक्त ओठ हलवत होते, त्यांचा बाकीचा देह जवळजवळ फुकट मावत होता. पाणी मात्र प्रत्येक क्षणी सगळीकडून हलतं, त्यात 'तेच' असं काहीच नसतं. त्यामुळे दाब पडला की भाषण टिकतं आणि पाणी फुटतं. मला हे माहीत होतं. दुकानावर लावलेल्या पाटीत मी स्वतःला 'तज्ज्ञ' लिहिलं होतं.

कॉपी निघाल्यावर मी ती तपासली. म्हणजे माझं भाषण तपासलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. छान निघालं होतं. सफारीच्या खिशाची शिवणसुद्धा दिसत होती. तेवढ्यात लाइट गेली.

दोन्ही डिस्क मी मामाजींना दिल्या. "ही नवीन लावा. जुनी अडकते, तिचं आता काई काम नाई."

आता इथे गावची एक पद्धत सांगायला हवी, आणि तिचा दोषही माझाच. माझ्या दुकानात रोज चार-दोन डिस्क बिघडायच्या. त्या मी मामीजींना, म्हणजे सासूबाईंना, गठ्ठ्याने द्यायचो. धान निसवून लोंब्या आल्या की मामीजी बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कडेने काठ्या रोवून दोऱ्याने डिस्क टांगायच्या. उन्हात त्या लखलखतात आणि पाखरं बिचकतात. दोन वर्षांत पाहून पाहून सगळं गाव टांगू लागलं. कुठलीही डिस्क निकामी झाली, की ती शेतात जायची.

जिचं काही काम नाही अशी ती डिस्क मामीजींनी कार्तिकात नेली.

तुम्ही विचाराल, मग फाल्गुनापर्यंत मामाजींनी नवीन कॉपी पाहिली नाही का? पाहिली. अनेक वेळा लावली. पण गावात लाइट जेमतेम दीड तास सलग राहायची आणि प्लेअर दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हायचा. पुढे सरकवायचं बटण मी त्यांना दाखवलं होतं. पाहुणे बोलत असताना त्यांना पुढे ढकलणं मामाजींना बरं वाटत नव्हतं. ते दर वेळी दिवा लावणं, सरस्वतीपूजन, स्वागतगीत, मग पन्नास मिनिटं पाहुणे आणि त्यानंतर जावयाचं भाषण ऐकायचे. तलाव यायच्या आत लाइट जायची.

फाल्गुनातल्या मीटिंगला मी दुकानातला टीव्ही आणि इन्व्हर्टर काळी-पिवळी जीपमध्ये घालून घेऊन गेलो. दुपारचे दोन. समाजमंदिरात दीडशे माणसं बसली होती. बाया मागे, म्हातारे पुढे, आणि वरच्या टोलीतले भाऊ मामाजींच्या शेजारी, एकाच सतरंजीवर.

स्टेजचा भाग मी पुढे सरकवला. आधी कतला लागला. भाऊ पाळीवर छाती काढून उभे होते, दोन्ही हातांवर मासा आडवा धरून, फोटो काढतात असं समजून अजिबात न हलता. एक मिनिटभर. कतल्याचे खवले मोजता येत होते. भाऊंच्या मिशीतले पांढरे केसही.

"मस्त आला," कोणीतरी म्हणालं.

मग तलाव आला. पाणी उसळलं आणि तुटलं. मामाजी कमरेपर्यंत ठीक होते. कमरेखाली चौकोन सुरू झाले, हिरवे, मातकट, काळे, विटांएवढे. ते इकडून तिकडे उड्या मारत होते. एका क्षणी काळ्या चौकोनांची एक रांग मामाजींच्या छातीपर्यंत चढली आणि लगेच विरून गेली. एवढीच मरळ.

मग मागून एक बाई बोलली, "काय वो, हे पान्यात फरशी बसवून राह्यले का?"

तिथून सुरू झालं.

"मामा, मासा धरला का घरावरचे कवेलू धरले?"

"ते शेपूट होय का डोकं?"

"डोकं होय. डोकं चौकोनी हाय, सासऱ्यावानी."

"नाई, जवायावानी."

मी मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा फरशी. टीव्हीला एक चापट मारली. उजेड कमी-जास्त केला. मामाजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. 'तुम्ही तज्ज्ञ आहात, काढाल काहीतरी' असं ते बघत होते, आणि त्याहून वाईट मला अजून काही वाटलेलं नाही.

"जुनी आहे न!" मला आठवलं. "जुनी आना. तिच्यात साफ दिसते."

मामाजींनी मामीजींकडे पाहिलं. मामीजींनी डोक्यावरचा पदर नीट केला. "ते तं बांधीत हाय."

"कुठी?"

"बांधीत. धान झालं, मंग लाखोळीच्या पिकावर लावली. तुमीच म्हनले न, तिचं काम नाई म्हून."

दोघं सायकलवर गेले आणि अर्ध्या तासाने डिस्क घेऊन आले. कार्तिकापासूनचं ऊन, दव आणि वारा तिने सोसला होता. दोऱ्यावर गरगर फिरून काठीला घासल्याने तिच्यावर गोल चरे पडले होते. पाखरं तिला बिचकत होती असंही दिसत नव्हतं, कारण त्यांनी तिच्यावर बसून बरंच काही केलं होतं. मी रुमालाने पुसली, फुंकर मारली, प्लेअरमध्ये घातली. प्लेअरने थोडा वेळ घरघर केली आणि डिस्क नाही असं सांगितलं.

"मंग झालं," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी कतल्याच्या मालकाकडे पाहिलं. मामाजींनी आपला उजवा खांदा डाव्या हाताने दाबून धरला आणि खाली बघितलं.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "पन जवाईबापू, हे झालं काय नेमकं? एक मासा साफ अन् एक मासा फुटला. एकाच शिडीत."

मी उभा राहिलो. कबुली द्यायचीच म्हणून उभा राहिलो होतो, हे मी शपथेवर सांगतो. पण सुरुवात मी शास्त्रापासून केली. शिकलेल्या माणसाची ही जुनी खोड आहे, गुन्ह्याकडे तो लांबच्या वाटेने जातो.

"त्याचं असं आहे जी," मी म्हणालो. "जुनी डिस्क मोठी होती, साडेआठची. नवीन लहान, साडेचारची. मोठीतलं लहानीत मावत नाई. मंग दाबावं लागते."

"बरं."

"दाबलं का काई गोष्टी मावतात, काई मावत नाई. ज्याले जागा कमी लागते ते साफ राहते. ज्याले जास्त लागते ते फुटते."

अध्यक्षांनी हात वर केला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं होतं. "थांबा जी. भाऊचा कतला मावला?"

"मावला."

"साफ मावला?"

"साफ."

"अन् यायची मरळ नाई मावली?"

"नाई मावली. पन ते..."

"काऊन का तिले जागा जास्त लागत होती."

"हो, लागत होती, पन त्याचा अर्थ..."

"बसा तुमी," अध्यक्ष म्हणाले आणि लोकांकडे वळले. "ऐकलं का सर्वायनं? ज्या शिडीत कतला आरामात मावला, त्याच शिडीत मरळ दाबून बी नाई मावली. आता मोठा मासा कोनता, हे कोनाले सांगावं लागते का?"

समाजमंदिरात आधी कुजबुज झाली, मग माना हलू लागल्या. मशीनला ना कोणाचं सोयर ना सुतक. मघाशी कवेलू म्हणणारा आता शेजाऱ्याला समजावत होता, की फुटला म्हणजे किती मोठा असेल बघ, माझ्या घरचं पोतं असंच फुटलं होतं.

मी उभाच होतो. सांगायला हवं होतं, की जागा माशाच्या लांबीला लागत नाही, हालचालीला लागते. पाण्यात धडपडणाऱ्या बेडकीनेही हेच झालं असतं. मरळ फुटली ती मोठी म्हणून नाही, तर माझा सफारी ठेवायचा होता म्हणून. हे सगळं तोंडात आलं होतं. मामाजींनी तेव्हा वर बघितलं. खांद्यावरचा हात त्यांनी काढला होता.

मी बसलो.

पुढचे चार दिवस मी दुकानात त्याचाच हिशेब मांडत बसलो. मरळ खरंच मोठी होती, हे मी पाहिलं होतं. म्हणजे निकाल बरोबर होता. पण तो चुकीच्या कारणाने बरोबर होता, आणि भाऊ तर कारणासकट फसले होते. पाचव्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी वरच्या टोलीत गेलो. भाऊ घरापुढच्या सपरीत बसून जाळ्याची तुटलेली घरं विणत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. पट्टी, बावन्न, नव्वद, सफारी. ते ऐकत होते, हात चालूच होते.

"म्हनजे तुमच्या भाषनापाई मासा फुटला," ते म्हणाले.

"हो जी."

"अन् तुमच्या भाषनापाईच म्हाताऱ्यायनं तो पायला नाई."

हे मी मोजलं नव्हतं. "हो," मी म्हणालो.

"लय महाग भाषन झालं गा." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "मासा मोठाच होता. त्या दिवशी संध्याकाळी तुमच्या सासूबाईनं गंजभर रस्सा पाठवला होता. त्यात डोकं होतं. डोकं पायल्यावर काय समजत नाई का मले? चाळीस वर्षं मासे धरून राह्यलो."

"मंग मीटिंगमधी बोलले काऊन नाई?"

"मी खाल्लं न जी. खानाऱ्याची साक्ष चालते का?"

ते हसत नव्हते. नियम म्हणजे नियम, असंच त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी विचारलं, "ते भाषन आता काढून टाकता येते का त्या शिडीतून?"

"येते."

"मंग मासा पयल्यासारखा होते?"

"नाई. एकदा दाबलं का दाबलं. जागा मोकळी होईन, मासा वापस येत नाई."

"मंग राहू द्या," भाऊ म्हणाले. "नाई तं दोन्ही बी जातीन." आणि मी उठताना म्हणाले, "मले सांगितलं ते ठीक. पन सांगाचं त्याले होतं."

त्याले, म्हणजे मामाजींना. मी ते दोन महिने टाळलं. रोज ठरवायचो. दुकानात 'जशीच्या तशी' म्हणणं तेवढं बंद केलं. त्याऐवजी 'बऱ्यापैकी निघन' म्हणू लागलो, आणि गिऱ्हाईक कमी झालं.

वैशाखात तलाव उघडला. सकाळचं ऊन कोवळं होतं, पाळीवर सगळं गाव उभं. मामाजी धुतलेलं धोतर नेसून, जाळं खांद्यावर घेऊन पाण्याच्या कडेला एकटेच उभे होते. नियमाप्रमाणे जवळ कोणी जायचं नसतं. मी गेलो. जावई म्हणून कोणी अडवलं नाही.

"मामाजी, एक सांगाचं होतं."

"आता?"

"आताच."

मी सांगितलं. भराभर, खालच्या आवाजात, एका दमात. ते जाळ्याचा एक पदर दातात धरून, दुसरा कोपरावर घेऊन उभे होते. जाळं फेकायच्या आधी तसं धरावं लागतं. त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. माझं संपल्यावर त्यांनी पदर दातातून काढला.

"ते भाषन मी सात-आठ खेप पायलं," ते म्हणाले. "लाइट जाईपर्यंत तेच राहे न."

"हो."

"चांगलं होतं. माशायचे आभार मानले ते बराबर केलं, कोनी मानत नाई." जाळ्याचा पदर झटकत म्हणाले, "लांब होतं."

मग त्यांनी पदर पुन्हा दातात धरला, मला मानेनेच मागे व्हायला सांगितलं आणि कमरेतून वळून जाळं फेकलं. खांदा दुखला असणार, चेहऱ्यावर दिसलं. पण जाळं पूर्ण गोल उघडलं आणि सगळीकडून एकदम पाण्यावर पडलं. पाळीवरून मोठा आवाज उठला. त्यांनी हळूहळू ओढायला सुरुवात केली. मी मदतीला हात पुढे केला, त्यांनी नको म्हटलं.

जाळ्यात शेवाळ निघालं, एक रबरी चप्पल निघाली आणि बोटाएवढ्या तीन मासोळ्या निघाल्या.

"काय गा," पाळीवरून वरच्या टोलीतले भाऊ ओरडले, "यंदाचं मावते का?"

सगळं गाव हसलं. अध्यक्षही हसले, त्यातली खरी मेख त्यांना ठाऊक नसावी. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील सगळ्यांना. त्यांनी मासोळ्या परत पाण्यात सोडल्या, चप्पल माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या फेकीसाठी जाळं गोळा करू लागले.